आबाजींचा अपात्र बांध

आबाजी कुठल्याही टेबलापुढे उभे राहिले की आधी धोतराच्या सोग्यातून मातीचं ढेकूळ काढून टेबलावर ठेवीत आणि मगच तोंड उघडीत. “याच्यासमोर खोटं बोलता येत नाई,” असं त्यांचं म्हणणं. सरकारी कचेरीत ही सवय फारच गैरसोयीची होती.

सत्तरच्या दशकात मी वाशीमला भूसंधारणाच्या कचेरीत कारकून होतो. पावसात माती वाहून जाऊ नये म्हणून शेताला बांध घालणाऱ्याला सरकार अनुदान देई. मेडशीकडच्या आबाजींच्या शेताला वडिलांनी घातलेला भक्कम बांध होता. फक्त जादा पाणी सोडणारा दगडी सांडवा खचला होता. तो गेला असता तर बांध आणि मागची सगळी काळी माती नाल्यात गेली असती. म्हणून त्यांनी अर्ज केला. ‘जमिनीची धूप होते काय?’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘नाही.’

“आबाजी, माती वाहून जातच नाही, तर आम्ही वाचवायची काय?” साहेबांनी विचारलं.

“मंग वाहून गेल्यावर काय वाचवता, साहेब?”

साहेबांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि ‘अपात्र’ असा शिक्का मारला. पंगतीत कोणी ओळख विचारली की आबाजी सांगू लागले, “मी अपात्र. सरकारी शिक्का हाये.”

आधी जुना बांध फोडा, मग अर्ज करा, असं साहेबांनी हळूच सुचवलं होतं. वरच्या अंगाला शेत असलेल्या नामदेवनं ते लगेच केलं. “आबाजी, कायले अडून राह्यले? चार टिकाव मारा, मोकळे व्हा!”

“बापाचा बांध फोडू अन सरकारले बाप म्हनू काय?”

श्रावणात नामदेवची माती खाली आली आणि आबाजींच्या बांधाला अडली. दोन दिवस आबाजी खचलेल्या सांडव्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबत भिजत उभे होते. पाहणीत नामदेव पात्र ठरला. आबाजींच्या शेतात मात्र माती वाढली होती, आणि वाढलेल्या मातीला आमच्याकडे रकाना नव्हता. मी वर पत्र लिहून विचारलं. उत्तर अजून यायचं आहे.

उन्हाळ्यात नामदेव आला. “आबाजी, माही माती देता काय?”

“ओळख अन ने.”

नामदेव खरोखरच वाकून माती निरखू लागला. आबाजींना हसू आवरेना. “ने लेका. पन गाडी रिकामी आनू नोको.”

मग प्रत्येक गाडी फोडलेल्या बांधाचे दगड घेऊन आली आणि माती घेऊन गेली. सांडवा उभा राहिला. अर्ज नाही, शिक्का नाही.

पुढच्या वर्षी अकोल्याहून मोठे साहेब योजनेचं काम पाहायला आले. नामदेवचा नवा, पात्र बांध एका पावसातच खचून बसला होता. आमच्या साहेबांनी पाहुण्यांना सरळ आबाजींच्या शेतात नेलं. तिथे मांडव होता, हार होते, आणि ‘शासकीय अनुदानातून’ अशी ताजी पाटी होती. आबाजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी हारांशेजारी ढेकूळ ठेवलं.

“साहेब, हा बांध अपात्र हाये. पाह्यला, लय बरं झालं. पन कोनाले सांगू नोका. नाई त पात्र कराले फोडा लागन.”

टाळ्या जोरात पडल्या. सर्वांत जास्त आमच्या साहेबांनी वाजवल्या. गडबडीत ढेकूळ टेबलावरच राहिलं. ते मी उचललं.

आबाजी गेले. पाटीही गंजून पडली. बांध आहे. ढेकूळ माझ्याकडे आहे. हे लिहिताना समोरच ठेवलं होतं. साहेबांबद्दलची दोन चांगली वाक्यं खोडावी लागली.