वाळलेल्या झाडाच्या तीन शेंगा

वाळलेल्या झाडाला शेंगा येत नाहीत. एवढं कळायला बॉटनीची डिग्री लागत नाही. तरी त्या बुधवारी दुपारी माझ्या स्क्रीनवर एकाच वाळलेल्या झाडाचे दोन फोटो शेजारी शेजारी उघडे होते. सप्टेंबरमध्ये आलेल्या फोटोत नुसती फुलं. डिसेंबरमध्ये आलेल्या फोटोत तीच फुलं, तीच पानं, झाड चिकटवलेल्या कागदाचा, म्हणजे शीटचा, नंबरही तोच, आणि खालच्या बाजूला तीन शेंगा.

अंक शुक्रवारी वेबसाइटवर जायचा होता. हा पेपर त्यातला पहिला. कव्हरवर फोटोही याच झाडाचा.

मी नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि आमच्या संघटनेचं संशोधनाचं जर्नल सांभाळते. वर्षाला दोन अंक निघतात. मॅनेजिंग एडिटर हे नाव मोठं आहे. काम एवढंच, की आलेला पेपर त्या विषयातल्या दोन जाणकारांना, म्हणजे रिव्ह्यूअर्सना, पाठवायचा, त्यांचे शेरे लेखकाला कळवायचे, दुरुस्त्या झाल्या का ते बघायचं आणि दोन्हीकडची बोलणी ऐकून घ्यायची.

पेपर होता लातूरच्या डॉ. संघपाल कांबळेचा. हुशार माणूस, आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. जुन्या किल्लारीत, भूकंपानंतर गाव उठून गेलं त्या दगडांत, त्याला खुळखुळ्याची एक नवी जात सापडली होती. खुळखुळा सगळ्यांना माहीत आहे. शेंग वाळली की आत बिया वाजतात. संघपालचं म्हणणं, हा खुळखुळा दोन बाबतींत वेगळा आहे: फुलाच्या चोचीला पीळ आहे आणि शेंगेवर दाट तपकिरी केस आहेत.

नव्या जातीला नाव देताना एक वाळवलेला नमुना ठरवावा लागतो. त्याला टाइप म्हणतात. उद्या वाद झाला तर पेपरात काय लिहिलंय ते दुय्यम, टाइप काय सांगतो ते खरं. म्हणून नियम कडक आहे. टाइप एका ठिकाणी, एका वेळी गोळा केलेला असला पाहिजे. दोन वेळचा माल एकत्र करून टाइप केला, तर ते नाव धरलंच जात नाही. मग त्याच झाडाला दुसरा कोणीही आपलं नाव देऊ शकतो.

आमच्या चेकलिस्टवर ‘टाइप तपासला’ असा एक चौकोन आहे. त्यात टिक माझीच होती.

मी संघपालला फोन लावला.

“कांबळे, शीटवर शेंगा कुठून आल्या?”

“कोणत्या शेंगा मॅडम?”

“दोनशे चौदा नंबर. सप्टेंबरच्या फोटोत नाहीत.”

“त्या रिव्ह्यूअरने मागितल्या होत्या ना. फळ दाखवा म्हणून. मग ऑक्टोबरात आणून लावल्या.”

“ऑगस्टात तोडलेल्या झाडाच्या शीटवर?”

“झाड तेच हाय मॅडम. शीट पूर्ण दिसावी म्हणून लावल्या.”

“त्याच जागेवरून आणल्या?”

“तिथं गवत कापून नेलं होतं. एक बी झाड राहिलं नव्हतं. मग औशाजवळ रोडच्या कडेला भेटलं.”

“फील्डबुक काढून ठेव. शीटला हात लावू नकोस. उद्या येते.”

“मॅडम, सोमवारी माझा इंटरव्ह्यू हाय. पर्मनंट पोस्ट. शुक्रवारी पेपर निघाला पाहिजे हो.”

“म्हणूनच येतेय.”

गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले. खिडकीची काच बंद होत नव्हती. पूर्ण रस्ताभर मी एकच हिशेब करत होते. औशाचं झाड तेच निघालं, तर शेंगा वेगळ्या शीटवर लावता येतील आणि मजकुरात चार ओळी बदलून पेपर उद्या जाईल. ते दुसरं निघालं, तर पेपरचा अर्धा आधार गेला.

लॅबमध्ये संघपालने सगळं मांडून ठेवलं होतं. शीट, फील्डबुक, मायक्रोस्कोप. शिवाय चहा. फील्डबुक म्हणजे झाड तोडल्या जागी लिहायची वही. त्याची वही चोख होती. ऑगस्ट, जुनी किल्लारी, फुलं. ऑक्टोबर, औसा रोड, शेंगा. वहीत त्याने दोन वेगळे नंबर लिहिले होते. शीटवर मात्र एकच.

“वहीत खरं लिहिलंस आणि शीटवर का नाही?”

“खोटं करायचं नव्हतं मॅडम. मला वाटलं झाड एकच हाय, तर काय फरक पडून राहिला?”

“बघू या, एकच आहे का ते.”

यासाठी एक सोपी युक्ती आहे. फुलाच्या बुडाशी हिरवा पेला असतो, त्याला कॅलिक्स म्हणतात. खुळखुळ्यात फुलाची शेंग झाली तरी हा पेला गळत नाही. वांग्याच्या टोपीसारखा देठाशी चिकटून राहतो. म्हणजे फूल आणि शेंग दोन्हींचे पेले ताडून बघता येतात. झाड एक असेल तर पेलाही एकच असणार.

मी आधी फुलाचा पेला बघितला. केस पांढरे, बारीक, अंगाला चपटे बसलेले. मग पहिली शेंग सरकवली. बघितलं, आणि खुर्चीवरून उठले.

“तू बघ.”

संघपाल बसला. एक शेंग बघितली, दुसरी बघितली, मग तिसरी. परत पहिली.

“केस उभे हायेत,” तो म्हणाला.

“रंग?”

“तपकिरी.”

“असा खुळखुळा तुला माहीत आहे?”

“हाव.” त्याने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही. “कुठं बी उगवतो तो.”

पेपरात ज्या तपकिरी केसांवर नवी जात उभी केली होती, ते रस्त्याकडेच्या साध्या खुळखुळ्याचे होते. दोन रिव्ह्यूअर्सनी पास केलं होतं. मी पास केलं होतं.

तेवढ्यात बिरादार सरांचा फोन आला. सर आमचे चीफ एडिटर. रिटायर झाले तरी आवाज अजून वर्गातलाच.

“बाई, कव्हर फायनल करा. वेबसाइटवाला थांबलाय.”

“सर, पहिला पेपर काढावा लागेल.”

“काय काढावा लागेल?”

मी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं.

“फूल तर वेगळंच आहे ना? मग जाऊ द्या. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ.”

“शुद्धिपत्राने नाव वाचत नाही सर. दोन झाडांचा टाइप आहे हा. आपल्या जर्नलच्या नावावर कायमचा राहील.”

“आणि अंकाची तारीख चुकली तर? जर्नल यादीतून काढायला इंडेक्सवाले वाटच बघत असतात.”

“तारीख नाही चुकणार. एक पेपर कमी, एवढंच. कव्हरला दुसऱ्या पेपरातला फोटो लावू. शेवाळाचा आहे.”

“शेवाळ? कव्हरवर?” सर ओरडले. “लोक म्हणतील गटाराचा अंक काढलाय!” मग खालच्या आवाजात म्हणाले, “पोराचा इंटरव्ह्यू आहे म्हणे सोमवारी.”

“समोरच बसलाय.”

“मग तुम्हीच बघा काय ते,” म्हणून सरांनी फोन ठेवला.

संघपाल तयारीतच होता. “मॅडम, शेंगा आत्ता काढतो. फोटो नवा देतो. फळाचा पॅराग्राफ उडवा. फुलावर पेपर उभा राहतो.”

“राहील कदाचित. पण रिव्ह्यूअर्सनी पास केला तो हा पेपर नव्हे. अर्धं कारण गेलंय. त्यांना परत दाखवावा लागेल.”

“किती दिवस?”

“महिना, दीड महिना. आणि मला विचारशील तर खरी शेंग मिळेपर्यंत थांब.”

“म्हणजे पुढचा ऑक्टोबर!” तो उभा राहिला. “इंटरव्ह्यूत काय दाखवू मी? आठ वर्षं तासाला मोजून शिकवून राहिलो.”

“पेपरमध्ये दुरुस्ती चालू आहे असं पत्र देते. त्यात जे आहे तेच लिहीन.”

“दुरुस्ती चालू असलेल्याला कोण विचारतंय मॅडम?”

पत्र तिथेच टाइप केलं, सही केली, टेबलावर ठेवलं. त्याने घेतलं. बसस्टँडवर सोडायला आला.

शुक्रवारी अंक वेळेवर गेला, कव्हरवर शेवाळ. सोमवारी संघपालचा इंटरव्ह्यू झाला. निवड दुसऱ्याची झाली. पेपर असता तर झाली असती का, हे मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही, पण पावसाळ्यापर्यंत त्याने माझा फोन उचलला नाही.

पुढच्या ऑगस्टपासून तो दर रविवारी जीपने किल्लारीला जाऊन बसला. गवत कापणाऱ्यांना सांगून एवढा एक कोपरा राखून ठेवला. ऑक्टोबरात शेंगा मिळाल्या. त्यांवर एकही केस नव्हता. साफ गुळगुळीत. म्हणजे आम्ही छापलं असतं त्याच्या नेमकं उलट. टाइप तोच, दोनशे चौदा नंबर, नुसत्या फुलांचा. गुळगुळीत शेंगांची शीट वेगळी. नव्या रिव्ह्यूअर्सनी एकही मोठा शेरा न मारता पेपर पास केला आणि नाव कायदेशीर लागलं. नोकरीचं अजून चालूच आहे. या वर्षी तो दोन ठिकाणी इंटरव्ह्यू देऊन आलाय.

माझ्या बाजूने एक बदल केला. चेकलिस्टवरचा तो चौकोन काढून टाकला. टिक मारायला एक सेकंद लागतो आणि टिक मारल्यावर माणूस परत बघत नाही. आता नव्या जातीचा पेपर पाठवायचा तर फील्डबुकच्या त्या पानाचा फोटो आणि शीटचा मूळ फोटो दोन्ही लागतात. दुरुस्ती करून आलेला फोटो मी जुन्याशेजारी लावून बघते. लेखक कुरकुरतात. पहिली तक्रार आली ती संघपालचीच, त्याच्या दुसऱ्या पेपरच्या वेळी.

“मॅडम, माझ्यावर बी विश्वास न्हाई का?”

“नाही. माझ्यावरही नाही. पान पाठव.”

अर्ध्या तासात पान आलं. पानावरची आणि शीटवरची तारीख यांत एका दिवसाचा फरक होता. परत पाठवलं.