घट्ट लावलेलं झाकण

सकाळी चहाच्या वेळी शंकरपाळ्यांची बरणी ओट्यावरून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. माझ्या संधिवातावरची स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत मागच्या आठवड्यात बंद केली. तेव्हापासून बोटांची पेरं सुजून ठणकतायत. झाकण काही केल्या हलेना.

गंमत म्हणजे ते मीच लावलेलं. गोळी चालू होती तेव्हा अंगात नुसता उत्साह संचारला होता. मी माळा आवरला, गळका नळ पिळून गप्प केला, घरातली एकूण एक बरणी आवळून टाकली. अंगात जोर असला की माणूस सगळं घट्टच लावून ठेवतो. उद्या ते कुणाला उघडायचंय, हे त्याच्या मनातही येत नाही. माझ्या बाबतीत तर ते मलाच उघडायचं होतं.

शेवटी आमच्या ह्यांनी दातओठ खाऊन झाकण उघडलं आणि स्वतःचा खांदा चोळत बसले. चार शंकरपाळ्या पोटात गेल्यावर सवयीने तेच पुन्हा झाकण आवळायला लागले.

"नुसतं वर ठेवा," मी म्हटलं.

"मुंग्या लागतील."

"लागू देत. या घरात त्यांचेच सांधे धड आहेत."