लहान देवमासा

फोन आला तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि मी डब्यात भाजी भरत होते. आमच्या गावाच्या किनारा सफाई गटाची मी चिटणीस, त्यामुळे वाळूवर काहीही लागलं की पहिला फोन मला येतो. तुटकी जाळी, मेलेली कासवं, गणपतीनंतरच्या मूर्ती, सगळं.

"बाय, देवमासा लागलाय. मेलेला." आवाज किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या कोळी काकांचा.

"केवढा आहे?"

"ये न् बघ. टेप घेऊन ये."

बघायला जाण्याआधी मी वही उघडली. तीच माझी सवय, आणि त्या दिवशीची चूकही तीच. पंचनाम्याला येणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना काकांनी काढलेले फोटो पाठवले. टोकदार तोंड, घशावर लांब वळ्या, पुढच्या परावर पांढरा पट्टा. "मिंकी दिसतोय," ते फोनवर म्हणाले. "आपल्याकडे विरळाच. सहसा ब्राइडचा देवमासा लागतो."

मिंकी मला माहीत होता. गावच्या शाळेतल्या नववीच्या वर्गासाठी मी याच वहीत देवमाशांचा तक्ता केला होता. ज्यांच्या तोंडात दात नसतात, वरच्या जबड्याला झालर असते आणि तिच्यातून पाणी गाळून जे खातात, त्या सगळ्यांची आकाराप्रमाणे यादी. वरती निळा, त्याखाली फिन, मग बाकीचे. मिंकी निळ्याच्याच घराण्यातला, घशाच्या वळ्याही तशाच, पण जागा तळाशी. त्याच्याखाली फक्त एक बुटका देवमासा, तोही दूर दक्षिणेच्या समुद्रातला. मिंकीसमोर मी लाल शाईने लिहिलं होतं: लहान.

त्या एका शब्दावर मी पोळ्या गुंडाळता गुंडाळता सगळं ठरवून टाकलं. तुळिंजहून एक जेसीबी. खड्डा भरतीरेषेच्या वर, सुरूच्या झाडांच्या कडेला. यंत्र आत न्यायला वाट आत्याच्या वाडीतून. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. केळी, अबोली आणि थोडी पानवेल एकटीने सांभाळते.

"वाट तुडवली जाईल गं," आत्या म्हणाली. "लहान आहे ना?"

"लहानच आहे."

जागेचा कागद मीच भरला. साहेबांनी त्यावर सही केली.

साडेनऊला किनाऱ्यावर पोचले. टेप धरली. आठ मीटरला थोडा कमी. अंगावरची कातडी उन्हाने सुटायला लागली होती आणि तोंडाच्या फटीतून पिवळट झालर वाळूवर लोंबत होती. कुत्री जमली होती, पण एकही जवळ जात नव्हतं.

जेसीबीवाला खाली उतरला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मॅडम, फोनवर छोटा बोलला होता तुम्ही."

"यांच्यात छोटाच आहे तो."

"यांच्यात म्हणजे? ह्याच्या घरचे अजून येणारेत का?"

काका हसले. "तिच्या वहीतला लहान हाय तो. आपल्याला होडीएवढा."

बाराच्या सुमाराला भरती चढणार होती. त्याआधी तो पुरला नाही तर लाटा त्याला पुन्हा ओढून नेणार आणि कुठल्या तरी गावाच्या तोंडावर फोडणार. खोदायला घेतलं. छातीएवढं खोल गेल्यावर खड्ड्याच्या तळाला पाणी पाझरलं.

"आणखी खोल घ्या," मी म्हटलं.

"घेऊन काय, पानीच येनार," काका म्हणाले. खड्ड्यात उतरून त्यांनी ओंजळभर घेतलं, जिभेला लावलं. "गोडं हाय."

मी घड्याळ बघितलं. वहीत पुढची ओळ होती: चुना, पोती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या वाड्यांत बावखल असतं. म्हणजे वाडीतलं रुंद, उथळ तळं. वाळूखालून गोडं पाणी झिरपत येतं आणि त्यात साठतं. केळी, फुलं, सगळं त्यावर. बावखलाच्या वरच्या अंगाला शौचखड्डा खोदायचा नाही, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. नव्याने बंगला बांधायला येणाऱ्या प्रत्येकाला हे मी लेखी कळवते, पोच घेते. आणि सुरूच्या त्या कडेपासून आत्याचं बावखल शंभर पावलंसुद्धा नाही.

देवमासा खड्ड्यातल्या त्या पाण्यातच ढकलला. वर जेमतेम कंबरभर वाळू आली. ओळीपुढे मी बरोबरची खूण केली.

तीन आठवडे काही झालं नाही. मग कुत्री त्या उंचवट्यावर जाऊन बसायला लागली. एप्रिलच्या मध्याला आत्याचा फोन आला. "बावखलावर तवंग आलाय. पंपाचं तेल सांडलंय म्हणावं, तर पंप दुसऱ्या काठाला."

मी गेले. पश्चिमेच्या काठाला हातभर रुंदीचा चकाकता पट्टा. काठीने हलवला तर बाजूला झाला आणि परत जुळला. वास थोडा, पण त्या देवमाशाचाच. काठाशी दोन मासे पोट वर करून पडले होते.

साहेबांकडे अर्ज केला. पुरलेलं उकरायला नवी परवानगी लागते. अर्ज वर गेला आहे. जेसीबीवाल्याला विचारलं. "पुरायला बोलवा, मॅडम. काढायला नको." दरवर्षी मे महिन्यात आम्ही घरचे सगळे बावखलात उतरून गाळ उपसतो आणि केळीच्या बुंध्यांना घालतो. यंदा कोणी उतरलं नाही. आत्याने पंप बंद ठेवला. अबोली आधी गेली.

तक्ता मी पुन्हा काढून बघितला. तो चुकीचा नव्हता. मिंकी तिथेच आहे, तळापासून दुसरा.

आता दर रविवारी जाते. तवंग जिथपर्यंत आला असेल तिथे काठावर बांबूची कामटी रोवते आणि तारीख वहीत लिहिते. पाच कामट्या झाल्या आहेत. पाचवी पूर्वेच्या काठाला आहे. तिच्यापुढे आत्याची पिण्याची विहीर, चाळीस पावलांवर. पाऊस पडला की वाळूखालचं पाणी वर चढेल.

गेल्या रविवारी मी कामटी रोवत असताना आत्या विहिरीवर होती. तिने कळशी ओढून काठावर ठेवली. उचलण्याआधी वाकली, कळशीच्या तोंडाशी नाक नेलं आणि बराच वेळ तशीच राहिली.

"वास येतोय का?" मी विचारलं.

तिने कळशी आडवी करून ओतली आणि दुसऱ्यांदा विहिरीत सोडली.