एकत्र नांदत असल्याचा कागद

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.

तहसीलकडून एक निनावी अर्ज चौकशीला आला. केनवडकडच्या एका बाईने मुलीच्या नर्सिंग प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला मागताना ‘पतीपासून विभक्त’ असे खोटे प्रतिज्ञापत्र दिले, अशी तक्रार होती. नवरा पगारदार. दोघे एकत्र असतील तर त्याचा पगार धरतात आणि फीची सवलत जाते. विभक्त असेल तर फक्त तिची शिवणकामाची कमाई. आमच्या अहवालावर मुलीचा प्रवेश अडला होता.

निनावी अर्ज लिहिणारा बहुधा घरातलाच असतो, हे मला ठाऊक होते. तरी आधी दरडावले तिलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आमची जुनी खोड.

“घटस्फोट झाला का?”

“नाही.”

“मग विभक्त कशी?”

“सात वर्सं झाले साहेब, मी माहेरीच राहून राह्यली. त्यानं दुसरी आनून ठेवली. कोर्टात जायले पैसे कुठून आनू?”

तिला बसवून ठेवले आणि नवऱ्याला बोलावले. तिने ‘विभक्त’ लिहिल्याच्या रागातून अर्ज आपणच टाकल्याचे त्याने दोन प्रश्नांत कबूल केले. वर खिशातून कागद काढला. “हा पाहा पुरावा. इथंच लेहून देल्लं होतं तिनं, नांदाले जातो म्हनून.”

अक्षर माझे होते. खाली सहीही माझीच. सात वर्षांपूर्वी मी याच ठाण्यात जमादार होतो. ती मारहाणीची तक्रार घेऊन आली होती. महिनाअखेर, अर्ज निकाली काढायचे होते. दोघांना चहा पाजला, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि ‘स्वखुशीने नांदण्यास गेली’ असे लिहून तिची सही घेतली. असे संसार आम्ही कितीतरी जुळवले, कागदावर.

“मी स्टँडवरूनच माहेराले गेली होती,” ती म्हणाली. “तुमी मंग कोनाले इचारलं नाही, पाह्यलं नाही.”

मी अहवाल लिहिला: ‘कौटुंबिक वाद, गुन्हा दिसून येत नाही.’ तो समझोता खोटा होता, हे मात्र लिहिले नाही. लिहिले असते तर माझीच चौकशी लागली असती. तिच्यावर गुन्हा झाला नाही, पण तो कागद फाइलमध्ये तसाच राहिला, त्यावरून दोघे एकत्रच धरले गेले आणि दाखला नामंजूर झाला. मुलीचा प्रवेश गेला.

निवृत्तीनंतर खरे काय ते प्रतिज्ञापत्रावर लिहून मी तिच्या घरी गेलो. ती मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने कागद पूर्ण वाचला आणि मला परत दिला.

“आता कायले, साहेब? पोरगी वाशीमले कापडाच्या दुकानात कामाले जाते. तवाच एक ओळ लेहाची होती.”

गुन्हेगार कबुली का देत नाही, असे मी उभी नोकरी लोकांना विचारत आलो. त्याचे उत्तर मला त्या दिवशी माझ्यातच सापडले.