माईंची चिंगी

माईंच्या डोक्यावर केस नव्हते, पण वेणीफणीचं त्यांच्याइतकं वेड मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. त्या माझ्या मामंजींची थोरली बहीण. तेराव्या वर्षी विधवा होऊन बुलढाण्याला माहेरी आल्या. तेव्हापासून दर पंधरवड्याला गणपत न्हावी परसदारी यायचा आणि माई लाल आलवणाचा पदर मागं सारून त्याच्यापुढं बसायच्या. मी नवी सून म्हणून आले, तर पहिल्याच सकाळी माझं विंचरणं पाहून म्हणाल्या, "पोरी, गुंता ओढू नको. टोकाकडून सोडवत वर ये."

चिंगी आमच्याकडं आली ती साहेबाच्या बदलीमुळं. मामंजी कचेरीत शिरस्तेदार. साहेब नागपूरला निघाले आणि मडमेनं आपलं पेकिनीज जातीचं कुत्रं मामंजींच्या गळ्यात मारलं. वीतभर उंची, चपटं नाक, बटबटीत डोळे आणि जमिनीवर लोळणारे सोनेरी केस. रोज विंचरायचं, डोळे ओल्या फडक्यानं पुसायचे, उन्हात न्यायचं नाही, एवढं सांगून मडम गेली. आमच्या सोवळ्याच्या घरात हे करणार कोण? मामंजींनी चिंगीला गोठ्यात बांधलं आणि विषय संपवला. साहेबाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. घरातल्या बायकांपुढं मात्र ती फार रुंद व्हायची.

माईंनी माझ्याकडं फणी मागितली. त्यांच्याकडं कुठून असणार? रोज दुपारी स्वयंपाकघर आवरलं, की त्या गोठ्यात चिंगीला मांडीवर घेऊन बसायच्या आणि मग विहिरीवर पुन्हा आंघोळ करून सोवळ्यात यायच्या. कडाक्याच्या थंडीतही. चिंगी झोपेत घोरायची, चपट्या नाकाची जातच तशी. माई म्हणायच्या, "आमचे यजमान असेच घोरत होते म्हणतात. मले काही आठवत नाही." हे त्या हसत सांगायच्या. मला हसू येत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका बाळंतपणासाठी माईंना चिखलीला धाडलं. मीही तेव्हा माहेरी होते. आम्ही दोघी महिन्यानं परतलो, तोवर चिंगीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या आणि जटांखाली गोचीड माजले होते. ढोरांचे डॉक्टर गोठ्याच्या दारातूनच म्हणाले, "माई, सगळे केस उतरवा. नाही तर तापानं मरेल."

"नाही," माई म्हणाल्या. "या घरात एक डोकं वस्तऱ्याखाली गेलं, तेवढं पुरे."

त्या हातानं गोचीड वेचत राहिल्या, कडुनिंबाचं पाणी लावत राहिल्या. केस उतरवा म्हणून मी किती विनवलं. कातडीला वास सुटला तेव्हा कुठं त्यांनी गणपतला बोलावलं. चिंगीचे पाय त्यांनीच धरले. वस्तरा अंगाला लागला की ती थरथरायची, माईंच्या हाताला चावायची. गणपत म्हणाला, "माई, हे ऐकून नाई राह्यली. जीव तोडून नाई म्हनून राह्यली." तरी त्यानं केस उतरवले. फार उशीर झाला होता. दोनच दिवसांत चिंगी गेली.

पुढच्या खेपेला गणपत आला, तेव्हा माई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. "गणपत, जाय तू. ते मुकं जनावर चावून चावून नाही म्हणत होतं. मी बोलती बाई, मी कधी म्हटलंच नाही."

मामंजींनी त्यांच्या हातचं पाणी बंद केलं. स्वयंपाकघर बंद झालं, पान गोठ्यात वाढलं जाऊ लागलं, अंथरूणही तिथंच गेलं. माई फक्त "बरं" म्हणाल्या. पांढरे केस आधी कानाशी आले, मग मानेवर. त्या गोठ्यातल्या गारठ्यानंच त्यांची छाती धरली आणि एका हिवाळ्यात त्या गेल्या. मला त्या घराचा अजून राग येतो.

माई गेल्या त्या सकाळी मामंजींनी गणपतला बोलावणं धाडलं. केसांसकट विधवेला नेणार कसं, हा त्यांना घोर. गणपतनं अंगणात ठेवलेल्या माईंकडं पाहिलं. वस्तऱ्याची धोपटी उघडलीच नाही.

"मालक, माईनं जित्तेपनी मले नाई म्हनलं हाये. आता तिले बोलता येत नाई म्हून मी हात लावू काय?"

धोपटी काखेत मारून तो निघून गेला. त्या घराचं काम त्याला पुन्हा मिळालं नाही. दुसरा न्हावी शोधायला वेळ नव्हता, माणसं खोळंबली होती. माई केसांसकट गेल्या.