पोटावर पडून राहण्याची कुस्ती

धान्याच्या कोठारांची उंच टोकं दिसायला लागली होती, म्हणजे गाव अजून तीनेक मैल लांब होतं. वेंडेल क्रोगमन खडीच्या रस्त्याच्या मधोमध चालत होते, मी कडेनं. मागच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं होतं, तर हा माणूस टपालपेटीपर्यंतसुद्धा गाडी काढायचा. आज मात्र त्यांना मैलोन्मैल चालायचं होतं, कारण ते रागावले होते.

"तू जा, गाडीत बस," ते म्हणाले.

"गाडी गेली. तुमची सून मघापासून मागून हळूहळू चालवत होती. तुम्हीच हात करून घालवलीत तिला."

"मग तू कशाला उतरलीस?"

"तुम्ही पडलात तर कोण उचलणार?"

"मी पडत नाही," ते म्हणाले, आणि उगाच आणखी जोरात चालायला लागले.

अमेरिकेत, आयोवात आल्यापासून मी या माणसाच्या शेजारी राहते. ते सहकारी संस्थेत शेतीची यंत्रं दुरुस्त करायचे, मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. आमचं कणीक मळायचं यंत्र बिघडलं की तेच यायचे, आणि यंत्राखाली आडवे पडून मला विचारायचे, अमक्याचं पोरगं जेवतं का, तमक्यानं आज ताट परत केलं का. हिवाळ्यात कुस्तीवाली पोरं वजनासाठी उपाशी राहायची. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं कालवण, आणि दालचिनीच्या गोड रोलचा दिवस असला तरी नुसतं पाणी पिऊन उठायची. मला ते बघवत नसे. मी तसं म्हटलं की वेंडेल म्हणायचे, "मोसम संपला की खातील."

संध्याकाळी ते स्वतःच्या शेडमध्ये, कापणीयंत्र आणि भिंत यांच्या मधल्या जागेत, शाळेनं टाकून दिलेली मॅट अंथरून गावातल्या पोरांना कुस्ती शिकवायचे. चाळीस वर्षं शिकवली, आणि मला विचाराल तर एकच गोष्ट शिकवली. खालून उठायचं. आमच्याकडच्या शाळेच्या कुस्तीत वरच्यानं खालच्याला दाबून ठेवायचं असतं आणि खालच्यानं काहीही करून उठून सुटायचं असतं. सुटला की त्याला गुण. वेंडेल स्वतः पोराच्या पाठीवर सगळं वजन टाकायचे आणि म्हणायचे, "उठ." कसं उठायचं ते सांगायचे नाहीत. पोरं रडायची, नाक पुसायची, आणि शेवटी कशीतरी उठायची. दुसऱ्या दिवशी परत का यायची, हे मला कधी कळलं नाही.

त्यांची नात कोरा त्यातच वाढली. तिची आई, म्हणजे वेंडेलची सून जोडी, संध्याकाळच्या पाळीला जायची आणि पोरीला बघायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती शेडमध्ये. आज अशी गत आहे की अख्ख्या राज्यात कोणत्याही मुलीला कोराला खाली दाबून ठेवता येत नाही. सगळं छान चाललं होतं. मग एका कॉलेजच्या प्रशिक्षिकेनं तिला बघितलं, आणि तिथं घोडं अडलं. कॉलेजात मुलं आपल्या शाळेच्याच पद्धतीनं खेळतात, पण मुली खेळतात ती जगभरच्या स्पर्धांमधली कुस्ती. तिचे नियम वेगळे. तिथं खाली पडलेल्या मुलीनं उठायची गरजच नाही. पोटावर चपटं पडून राहायचं. वरचीला काही करता आलं नाही की पंच दोघींना उभं करतो. पण पाठ एवढीशी मॅटकडे वळली की समोरचीला दोन गुण. आणि दहाचा फरक पडला की कुस्ती संपली.

प्रशिक्षिकेनं स्पष्ट सांगितलं होतं, या उन्हाळ्यात त्या नियमांनी खेळून दाखव, संघात तुझी जागा ठेवते. खेळून दाखवायला दोन शनिवार होते. आजचा, आणि पुढचा.

कोरा वसंतभर शेजारच्या गावातल्या क्लबात जाऊन पडून राहायला शिकली. वेंडेलना ते अजिबात पसंत नव्हतं. तसं त्यांना कुठलाच नवा नियम पसंत नसतो. शाळेच्या कुस्तीत पाडल्याचे दोन गुण होते, ते तीन केले, तेव्हा महिनाभर जेवताना तोच विषय.

आज पहिली कुस्ती तिनं झटक्यात जिंकली. दुसरीत समोरच्या मुलीनं तिला पाडलं, त्याचे दोन गुण. कोरा पोटावर पडली, हात पसरले, शिकवल्याबरहुकूम. आणि माझ्या शेजारून आवाज गेला, "उठ, कोरा. उठ."

कोरानं हात-गुडघे गोळा केले. पोट मॅटपासून उचललं गेलं, आणि तेवढ्या फटीतून वरचीनं तिच्या कमरेला मिठी घातली आणि गडगडत नेलं. दोन गुण. वेंडेल पुन्हा, "उठ." पुन्हा तेच. मी त्यांची बाही ओढली, त्यांना कळलंसुद्धा नाही. चारदा गडगडली पोर आणि कुस्ती संपली. मी हातातली चिप्सची पिशवी अजून फोडलीही नव्हती.

परतताना आम्ही जोडीच्या गाडीत होतो. मग कोरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजोबा, मला माहीत होतं पडून राहायचं. पण तुम्ही उठ म्हणालात की मी ठरवायच्या आधीच माझं अंग उठतं."

"म्हणजे माझ्यामुळे हरलीस?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस. जोडी, गाडी थांबव."

आणि उतरले. म्हणून ही पायपीट.

"याला कुस्ती म्हणतात?" आता ते हातवारे करत होते. "आमच्या वेळी खाली पडून राहिलं तर पंच दम द्यायचा. आणि इथं म्हणे झोपा, पंच येऊन उठवेल. आईसारखा."

"नियम आहे तो, वेंडेल. पोरीनं थोडाच केलाय?"

"मूर्ख नियम आहे."

"असेल. तिला त्याच नियमानं खेळायचंय. तुमचा शहाणा नियम घेऊन ती कुठं जाणार आहे?"

"तुला कुस्तीतलं काय कळतं?"

"काही नाही. पण आज तुमच्यापेक्षा जास्त कळलं."

ते थांबले. मला वाटलं आता ओरडतील. त्याऐवजी ते रस्त्याकडेच्या गवतात उतरले आणि, माझा विश्वास बसेना, पालथे पडले. चांगल्या शर्टासकट.

"बघ," ते गवतात तोंड घालून म्हणाले. "हे असं. ही कुस्ती आहे का? हे कोणालाही येईल."

"मग राहा तसेच."

"राहतो."

मला इतका वैताग आला होता की मीही खाली वाकले आणि त्यांच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून भार टाकला. फार नाही. त्याबरोबर त्यांचे तळवे छातीखाली आले आणि चांगला गुडघा पोटाशी ओढला गेला.

"वेंडेल, हात बघा कुठं आहेत."

त्यांनी बघितलं. मुकाट्यानं हात पसरले. मी पुन्हा दाबलं. हात पुन्हा आत. तिसऱ्या वेळी मी दाबायच्या आधीच आले.

एक पिकअप येऊन थांबली. ड्रायव्हर आमच्याच गावचा. "सगळं ठीक ना?"

"नियम समजावतोय," वेंडेल म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि गेला. उद्या चर्चमध्ये आमचाच विषय, हे मी ओळखलं.

नव्या गुडघ्यावर त्यांना उठता येईना. मी काखेत हात घालून ओढलं, आणि दोघंही तिथंच बसलो. शर्टाला हिरवे डाग पडले होते. ते खडे उचलून समोरच्या मक्याच्या कोवळ्या ओळींकडे टाकत राहिले.

"किती लहान होती ती," ते म्हणाले. "माझ्या वजनाखाली दिसायचीसुद्धा नाही. मी म्हणायचो, उठ."

"उठलीच की."

"हो, उठली. आता मी ते परत कसं काढू तिच्या अंगातून?"

मी त्यांच्या बाहीवरचं गवत काढलं. वाऱ्याला मातीचा वास होता.

"मी गप्प बसू शकत नाही," ते म्हणाले. "तू शंभरदा बाही ओढ. ती खाली गेली की माझं तोंड उघडणार. पुढच्या शनिवारी तू जा. मी येत नाही."

"कोराला काय सांगू?"

"ते मी सांगेन. तू माझ्या जागेवर बस. कोपऱ्यावरची पहिली ओळ. तिला तिथं कोणीतरी दिसायची सवय आहे. जागा रिकामी दिसली तर मला शोधत बसेल."

"आणि मी तिथं करू काय?"

"काही नाही. तू तुझ्या देवाचं काहीतरी म्हणतेस ना, ते म्हण. पण मनात म्हण. ओठ हलवू नकोस, नाहीतर तिला वाटेल काहीतरी सांगतेयस."