बाबांनंतरची पाटीलकी

"दोन्ही मुलीच! आपली पाटीलकी तुझ्यापाशीच संपली रे," पुण्याहून सिंगापूरला आमच्याकडे आलेली आत्या जेवताना बाबांना म्हणाली. पाटीलकी कायद्याने कधीच गेली होती, उरला होता नुसता मान. मी नेहमीसारखी ताटात बघत राहिले.

मग हार्बरफ्रंटच्या ऑफिसातल्या माझ्या स्कॉटिश मॅनेजरबाई आठवल्या. भाऊ नसल्यामुळे वडिलांचं उमरावपद त्यांच्याकडे आलं होतं. तिकडच्या काही जुन्या पदांना मुलगीही वारस चालते, हे त्यांनी चहा पिताना सहज सांगितलं होतं. त्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे.

घरात एरवी इंग्रजीत उत्तर देणारी मी मराठीत म्हणाले, "आत्या, संपली कशी? बाबांनंतर पाटील मीच."